ओटच्या स्पॉनला पाणी सुटतं, आंबूस वास येतो: बाटली पुन्हा पुन्हा का नासते?

घरी अळिंबीचं स्पॉन, म्हणजे पेंढ्यात मिसळायचं, धान्यावर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, करणाऱ्यांची ही तक्रार जवळजवळ त्याच शब्दांत ऐकू येते. ओट धुतले, भिजवले, उकळले, कुकरमधून काढले, हात स्पिरिटने पुसून कल्चर, म्हणजे अळिंबीची शुद्ध वाढवलेली बुरशी, टाकलं. तीन-चार दिवसांत पांढरे तंतू दिसायला लागले आणि मग जागच्या जागी थांबले. बाटलीच्या तळाशी करडा, चिकट द्रव साचला, काचेला टेकलेले दाणे तेलकट दिसायला लागले, आणि झाकण सैल केल्यावर कुबट-आंबूस भपकारा आला. पुढच्या वेळी स्पिरिट दुप्पट वापरलं जातं. मास्क येतो, हातमोजे येतात, खोली फिनेलने पुसली जाते. बाटली पुन्हा तशीच नासते.

स्वच्छता लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी सुटणारी, आंबूस वासाची ही खराबी बहुतेक वेळा हवेतून येत नाही, दाण्याबरोबरच बाटलीत जाते. धान्यावर बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणूंच्या, म्हणजे टणक सुप्त कणांच्या, रूपात दडलेले असतात. साध्या उकळत्या पाण्यात ते मरत नाहीत. कुकरमधून वाचले आणि त्यांना भरपूर ओल मिळाली, की मायसेलियमच्या, म्हणजे अळिंबीच्या त्या पांढऱ्या तंतूंच्या, कितीतरी आधी तेच वाढतात. म्हणून शोध घ्यायचा तो दोन गोष्टींचा: दाण्यात पाणी किती होतं, आणि वाफ दाण्याच्या आतपर्यंत पोचली का. ओटच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी गहू-ज्वारीपेक्षा फसव्या आहेत आणि त्याचं कारण म्हणजे ओटचं टरफल.

आधी ओट कोणते आणले ते बघा

नाश्त्याच्या पाकिटातले ओट वाफवून चपटे केलेले असतात. टरफल गेलेलं, दाणा दाबलेला. ते भिजले की लगदा होतो आणि त्या लगद्यात हवा खेळत नाही. स्पॉनसाठी टरफलासकट अख्खा ओट लागतो. आपल्याकडे ओट मुख्यतः रब्बीतलं चारापीक म्हणून घेतात. केंट हे जुनं, सगळीकडे मिळणारं वाण, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले हरिता. त्यामुळे अख्खे ओट मिळायची पहिली जागा म्हणजे बियाण्याचं दुकान, दुसरी म्हणजे घोड्यांचं खाद्य विकणारे.

बियाण्याच्या दुकानातून घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. पिशवीवर बीजप्रक्रिया केल्याचा उल्लेख असेल, किंवा दाण्यांवर गुलाबी, लाल, हिरवा रंग चढवलेला असेल, तर ते ओट घ्यायचेच नाहीत. तो रंग बुरशीनाशक लावल्याची खूण असते. धुऊन ते पूर्ण निघत नाही, आणि शेवटी आपण खायची वस्तू पिकवतोय. शेतकऱ्याकडून प्रक्रिया न केलेले मिळाले तर उत्तम. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये राहणारे आपले लोक घोड्यांच्या खाद्याच्या दुकानातून पोतं आणतात. तेही चालतं, फक्त चेपलेले किंवा काकवी लावलेले ओट नकोत. काकवी म्हणजे जिवाणूंना आयतं जेवण.

आणल्यावर कोरडे असतानाच सुपात चांगले पाखडा. ओटमध्ये फोलपट आणि धूळ गव्हापेक्षा बरीच असते, आणि तुटलेला दाणा पिठूळ होऊन शेजारच्या दहा दाण्यांना चिकटवतो. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवा. वर तरंगणारं सगळं काढून टाका.

नासलेली बाटली फेकण्याआधी वाचा

खराबी कुठे सुरू झाली आणि कोणत्या दिवशी दिसली, एवढ्यावरून निम्मं निदान होतं. त्यासाठी बाटली उघडायची गरज नाही, काचेतून दिसतं.

कल्चर टाकलं त्याच जागी, किंवा झाकणाच्या भोकात बसवलेल्या कापसाखालीच रंगीत बुरशी उगवली असेल, तर चूक टाकताना झाली किंवा कापूस ओला राहिला. बाटलीच्या मध्यावर, तळाशी, काचेला लागून, म्हणजे जिथे बाहेरची हवा पोचलेलीच नाही अशा ठिकाणी सुरुवात झाली असेल, तर निर्जंतुकीकरण कमी पडलं. सगळ्याच बाटल्यांत एकाच वेळी तळाला ओल आणि आंबूसपणा आला, तर दाणे जास्त ओले होते किंवा कुकर पुरेसा चालला नाही. बऱ्याचदा दोन्ही.

खात्रीने ओळखायचं तर दर खेपेला दोन बाटल्या बाजूला काढा. हा सल्ला सगळ्यांना खर्चिक वाटतो, आणि सगळ्यात जास्त दाणे हाच वाचवतो. पहिली बाटली बाकीच्यांबरोबरच भरायची, त्याच कुकरमध्ये त्याच थरात ठेवायची, पण तिच्यात काहीही टाकायचं नाही. ती कोरी बाटली. दुसरी बाटली कल्चर टाकताना इतर बाटल्यांसारखीच उघडायची, तेवढाच वेळ उघडी ठेवायची, आणि काही न टाकता बंद करायची. दोन्हींवर चिठ्ठी लावून सात दिवस बाकीच्यांच्या शेजारी ठेवा.

कोरी बाटली नासली, तर तुमच्या हातांचा, खोलीचा, कल्चरचा काही दोष नाही. पाणी आणि कुकर सुधारा. कोरी चांगली राहिली आणि उघडून बंद केलेली नासली, तर हवा आणि हात सुधारा. दोन्ही चांगल्या राहिल्या आणि फक्त कल्चर टाकलेल्याच बिघडल्या, तर कल्चरच दूषित आहे, आणि मग तुम्ही कितीही उकळलंत तरी उपयोग नाही. हा निकाल हातात नसताना केलेला प्रत्येक बदल अंधारात दगड मारल्यासारखा असतो. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या जातात, आणि पुढची खेप जमली तरी कशामुळे जमली ते कळत नाही.

पाणी: टरफल काय लपवतं

गव्हाच्या दाण्यावरची ओल डोळ्यांना दिसते. पंच्यावर पसरले, बोटांना ओलसर लागेनासे झाले, कागदावर ठेवल्यावर डाग पडला नाही, की गहू भरायला तयार. ओटला हीच परीक्षा लावली की हमखास फसायला होतं. ओटचं टरफल दाण्याला चिकटलेलं नसतं, फक्त गुंडाळलेलं असतं. टरफल आणि आतला दाणा यांच्यामधल्या फटीत उकळताना पाणी शिरतं. बाहेरून टरफल वाऱ्याने भराभर सुकतं, हाताला कोरडं लागतं, कागदावर डागही पडत नाही. आत मात्र पाणी तसंच असतं. कुकरमध्ये दाणा फुगतो, ते पाणी बाहेर ढकललं जातं आणि बाटलीच्या तळाशी जमा होतं. तळाचे दाणे त्यात बुडाले की तिथली हवा संपते, मायसेलियम तिथे जात नाही आणि जिवाणू तिथेच तळ ठोकतात.

म्हणून ओटला वजन करून ओळखायचं. दुकानातून आणलेल्या, व्यवस्थित वाळलेल्या धान्यात साधारण १२ टक्के पाणी असतं. म्हणजे १ किलो ओटमध्ये ८८० ग्रॅम कोरडा भाग. भिजवून, उकळून, निथळून, पसरून झाल्यावर त्याच ओटचं वजन १७६० ग्रॅम भरलं, तर त्यात बरोबर निम्मं पाणी आहे. १६०० भरलं तर ४५ टक्के. या दोहोंच्या मध्ये कुठेही थांबलात तर चालतं, आणि १६५० ते १७०० च्या आसपास मी सगळ्यांना थांबायला सांगते. १९०० भरलं तर पाणी ५४ टक्क्यांच्या घरात गेलं, आणि त्या बाटल्या हमखास रडणार. स्वयंपाकघरातला साधा वजनकाटा पुरतो. सुरुवातीचं वजन पाखडल्यानंतर आणि धुण्याआधी घ्यायचं, म्हणजे फोलपटाचा हिशेब चुकत नाही.

काटा नसेल तर निदान एवढं करा. पसरलेल्या ढिगातून मधलाच एक दाणा उचला आणि चिमटीत धरून बुडख्याकडून टोकाकडे दाबत न्या. टोकाशी पाण्याचा थेंब आला तर ओट अजून ओले आहेत, बोटाला ते कितीही कोरडे लागोत. टोक नुसतं ओलसर झालं, थेंब धरला नाही, तर बरोबर. आठ-दहा वेगवेगळ्या जागचे दाणे बघा, कारण ढिगाच्या कडा आधी सुकतात आणि मधला भाग मागे राहतो.

आता हे वजन गाठायचं कसं.

भिजवणं टाळू नका. काही जण न भिजवता तासभर उकळून काम उरकतात. गव्हाला ते जमून जातं, ओटला मी सुचवणार नाही. भिजवण्याची दोन कामं आहेत. एक म्हणजे दडलेले बीजाणू ओल मिळाल्यावर जागे होतात, आणि जागा झालेला जिवाणू उष्णतेला लवकर बळी पडतो. दुसरं काम ओटसाठी जास्त महत्त्वाचं. टरफलाखाली कोरड्या हवेचा कप्पा राहिला तर कुकरची ओली वाफ तिथवर पोचत नाही, तिथे फक्त कोरडी उष्णता पोचते. १२१ अंशाची ओली वाफ बीजाणू मारते. तेवढ्याच तापमानाच्या कोरड्या हवेत ते बराच वेळ तग धरतात. नीट भिजलेल्या दाण्यात हा कोरडा कप्पा राहत नाही.

किती वेळ भिजवायचं ते हवेवर आहे. थंडीत १८ ते २४ तास चालतात. एप्रिल-मे मध्ये नागपूर-अकोल्याकडे २४ तासांत पाण्याला फेस येतो आणि दाणे तिथेच आंबायला लागतात. तेव्हा १२ तास पुरे, आणि मध्ये एकदा पाणी बदला. दाण्याला मोड डोकावायला लागले तर उशीर झाला.

उकळताना खळाखळा उकळी नको. पाणी आधी उकळवा, भिजलेले ओट टाका, आच कमी करा आणि दहाव्या मिनिटापासून दाणा तपासायला लागा. टरफल सोलून आतला दाणा नखाने चिरा. मधोमध पांढरा, पिठूळ, कोरडा ठिपका दिसला तर अजून वेळ आहे. ठिपका गेला, दाणा सगळीकडून सारखा करडट दिसला आणि दाबल्यावर चपटा झाला पण लगदा झाला नाही, की लगेच उपसा. १२ ते २० मिनिटांत हे होतं. जुन्या, कडक ओटला थोडा जास्त वेळ लागतो. घड्याळापेक्षा नखावर विश्वास ठेवा.

उपसल्यावर रोवळीत किंवा मोठ्या चाळणीत निथळू द्या, पण पूर्ण गार होईपर्यंत तिथे ठेवू नका. सगळ्यात मोठी चूक इथे होते. उकळत्या पाण्यातून निघालेला दाणा गरम असतो, आणि तो गरम असेपर्यंतच वाफेबरोबर स्वतःचं पाणी घालवतो. पाच मिनिटं निथळून झाले की गरम असतानाच स्वच्छ सुती कापडावर बोटभर जाडीचा थर करून पसरा आणि उलथन्याने सतत हलवत राहा. वाफ निघताना दिसते. ती निघतेय तोवर ओट सुकतायत. गार झालेला ढीग मग कितीही वेळ पसरून ठेवला तरी पावसाळ्यात तो सुकत नाही, उलट आंबतो.

कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हीच खरी अडचण असते. हवाच दमट, मग दाण्यातली ओल जाणार कुठे? तिथे एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त ओट करू नका. थोडे ओट पातळ पसरता येतात आणि गरम असताना पटकन वाफ सोडतात. वरून पंखा लावा. तरीही वजन उतरलं नाही तर ओट मोठ्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता, करपू न देता, आणि पुन्हा पसरा. विदर्भात उन्हाळ्यात नेमकं उलटं. अर्ध्या तासात ओट गरजेपेक्षा जास्त वाळतात, म्हणून तिथे पंखा बंद ठेवून दर दहा मिनिटांनी वजन बघायचं.

जिप्समबद्दल नेहमी विचारलं जातं. १ किलो कोरड्या ओटला १२ ते २० ग्रॅम जिप्सम आणि त्याच्या चौथाई कॅल्शियम कार्बोनेट भरण्याआधी चोळून लावा. जिप्समने दाणे सुटे राहतात आणि कार्बोनेटने आम्लता आवरते. पण ओले ओट जिप्सम लावून कोरडे होत नाहीत. जास्त पाण्यावर तो उपाय समजून मूठभर जिप्सम ओतण्यात अर्थ नाही.

कुकर

शिट्ट्या मोजू नका, मिनिटं मोजा. घरगुती कुकरचं वजन साधारण १५ पौंड दाबाला उचललं जातं, आणि त्या दाबाला आत १२१ अंश तापमान मिळतं. स्पॉनला लागतं तेच तापमान. अर्धा लिटरच्या बाटलीला दीड तास, एक लिटरची बाटली किंवा किलोभराच्या पिशवीला दोन तास. वेळ धरायची ती पूर्ण दाब आल्यापासून.

दाब येण्याआधी कुकरमधली हवा काढून टाकणं आवश्यक आहे, आणि हे क्वचितच कोणी करतं. झाकण लावा, शिट्टी लावू नका. वाफेची सरळ, जोरदार धार यायला लागल्यावर आठ-दहा मिनिटं ती तशीच जाऊ द्या आणि मग शिट्टी लावा. आत हवा अडकली तर दाब पूर्ण दिसतो पण तापमान कमी राहतं. वीस मिनिटांत शिजणाऱ्या डाळीला त्याने फरक पडत नाही, बीजाणूंना पडतो.

पूर्ण दाब आल्यावर आच इतकी कमी करा की शिट्टी फुरफुरत राहील, पण उसळून वाजणार नाही. प्रत्येक मोठ्या शिट्टीला आतला दाब एकदम पडतो, बाटलीतलं पाणी उसळतं, दाणे फुटतात आणि झाकणाचा कापूस भिजतो. दीड-दोन तासांत बरंच पाणी वाफेबरोबर जातं, म्हणून पाच लिटरच्या कुकरमध्ये किमान दीड लिटर पाणी घ्या. तळाशी जाळी किंवा घडी घातलेलं जाड कापड ठेवून त्यावर बाटल्या. कुकर कोरडा पडला तर बाटल्याही तडकतात आणि कुकरची सेफ्टीही उडते.

बाटल्या दोन तृतीयांशच भरा. झाकणाला भोक पाडून त्यात कापूस घट्ट बसवला असेल तर वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची टोपी घाला, नाहीतर झाकणावरून ठिबकणारं पाणी कापसात मुरतं आणि ओला कापूस बुरशीला वाट करून देतो. पिशव्या वापरत असाल तर पीपीच्याच (पॉलिप्रॉपिलीनच्याच) हव्यात. साधी पॉलिथिनची पिशवी या तापमानाला वितळते.

गॅस बंद केल्यावर शिट्टी उचलून वाफ सोडू नका. कुकर आपोआप, सावकाश गार होऊ द्या. रात्री बंद करून सकाळी उघडला तर सर्वांत चांगलं. बाटल्या कोमट असताना जोरात हलवा, म्हणजे तळाशी जमलेली थोडीफार ओल सगळीकडे वाटली जाईल. हलवल्यानंतरही तासाभरात तळाला पुन्हा पाणी जमलं, तर त्या बाटलीत कल्चर टाकू नका. ओट बाहेर काढा, पुन्हा पसरून वजन उतरवा, त्याच दिवशी पुन्हा कुकरमध्ये घाला. त्यात तुमचे दोन तास जातील, पण कल्चर आणि पुढचे पंधरा दिवस वाचतील.

कुकर नसलेल्यांसाठी टिंडाल या शास्त्रज्ञाची जुनी पद्धत आहे. तीन दिवस रोज तासभर उकळत्या वाफेत ठेवायचं आणि मधल्या वेळात खोलीच्या तापमानाला. मधल्या वेळात बीजाणू जागे होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वाफेत मरतात. काम होतं, पण ओट बरोबर भिजलेले आणि बरोबर सुकलेले असतील तरच. ज्यांच्याकडे कुकर आहे त्यांनी या वाटेला जायचं कारण नाही.

पाणी नाही, आंबूसपणा नाही, तरी अडचण आहे

हिरवी बुरशी, म्हणजे ट्रायकोडर्मा, आधी दाट पांढरी दिसते आणि मायसेलियम जोरात आलं असं वाटतं. दोन-चार दिवसांत ती हिरवी होते. धिंगरीचं (ऑयस्टर अळिंबीचं) मायसेलियम तंतूतंतूंनी, दोऱ्यांसारखं पसरतं आणि त्याचा पांढरा रंग बदलत नाही. अचानक दाट, पावडर लावल्यासारखा ठिपका दिसला की ती बाटली लगेच बाकीच्यांपासून दूर न्या.

नारिंगी-गुलाबी बुरशी दिसली तर ती न्यूरोस्पोरा. एका रात्रीत अख्खी बाटली व्यापते, कापसातून बाहेर येते आणि तिची भुकटी सगळ्या खोलीत उडते. ती बाटली खोलीत उघडायची नाही. जिथे आहे तिथेच ओल्या कापडात गुंडाळून सरळ कुकरमध्ये टाका.

ओट कमी भिजले तर नासत नाहीत, फक्त मायसेलियम विरळ, कोळ्याच्या जाळ्यागत राहतं आणि अर्ध्यावर थांबतं. नखाने चिरलेल्या दाण्यात मधला पांढरा ठिपका दिसला की हेच कारण. बाटलीत नंतर पाणी घालून ते सुधारत नाही. पुढच्या खेपेला पाच मिनिटं जास्त उकळा.

पिवळसर, स्वच्छ थेंब पांढऱ्या मायसेलियमवर दिसले तर घाबरू नका. ते मायसेलियमच सोडतं, जुनं झाल्यावर किंवा कुठे जिवाणूंशी झटापट चालू असल्यावर. वास अळिंबीचा असेल तर थोडे थेंब चालतात. द्रव गढूळ असेल आणि दाण्यांमध्ये साचत असेल, तर ती खराबी.

हलवल्यानंतर वाढ थांबण्याचं कोडं अनेकांना पडतं. तीसेक टक्के पांढरी झालेली बाटली दाणे मोकळे करायला हलवली आणि आठवडा झाला तरी पुन्हा पांढरी होईना. निरोगी मायसेलियम दोन-तीन दिवसांत सावरतं. सावरलं नाही तर आत कुठेतरी जिवाणूंचा एक ओला कोपरा होता, आणि हलवताना तो सगळीकडे पसरला. म्हणून हलवण्याआधी बाटली उजेडात धरून तळ आणि कडा बघा. कुठेही दाणे तेलकट दिसले तर हलवू नका.

तापमानही बघा. धिंगरीचं मायसेलियम २४ ते २८ अंशांत छान चालतं. बाटली स्वतःची उष्णता तयार करते, म्हणून एकमेकींना चिकटवून, बंद कपाटात रचू नका. उन्हाळ्यात खोली ३५ च्या वर जात असेल तर धिंगरीचं स्पॉन थांबवा, किंवा दुधी अळिंबी घ्या, तिला ३० ते ३५ अंशांची ऊब मानवते.

कल्चरवर संशय असेल तर

बाजूला काढलेल्या दोन्ही बाटल्या ठीक आहेत आणि बाकीच्या नासल्या, तर कल्चर बटाटा-डेक्स्ट्रोज आगरच्या (बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या) एका ताज्या प्लेटवर टाकून बघा. दोन दिवसांत साईसारखे चकचकीत, ओले ठिपके आले तर त्यात जिवाणू आहेत. सिरिंजमधलं लिक्विड कल्चर गढूळ असलं तरी मायसेलियममुळे चटकन कळत नाही, म्हणून प्लेटशिवाय ठरवू नका. ऑनलाइन कुणाकडून आलेल्या सिरिंजपेक्षा ओळखीच्या, खात्रीच्या जागेचं मूळ कल्चर घ्या. हिमाचलात सोलनला अळिंबी संशोधन संचालनालय आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे.

कल्चर टाकायला हवाबंद पेटी वापरत असाल तर एक काळजी घ्या. आत स्पिरिट फवारलेलं असताना दिवा पेटवू नका. ती वाफ भडकते. सुई बाहेर तापवा, किंवा फवारलेलं पूर्ण उडून जाऊ द्या.

ओटच का?

ज्यांच्या गावात गहू आणि ज्वारी किराणा दुकानात मिळते त्यांनी ओटसाठी धावाधाव करावी असं मी म्हणणार नाही. जेम्स सिंडेन यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये १९३२ साली धान्यावरच्या स्पॉनचं पेटंट घेतलं. पुढे ज्याला जे धान्य स्वस्त, त्याने ते वापरलं. आपल्याकडच्या प्रयोगशाळा गहू आणि ज्वारीवरच स्पॉन करतात आणि ते उत्तम होतं. ओटचा खरा फायदा एकच, आणि तो मोठा आहे: टरफलामुळे दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. गहू जरा जास्त शिजला की फुटून गोळा होतो. ओट थोडा चुकला तरी सुटा राहतो, हलवायला सोपा जातो आणि पेंढ्यात सगळीकडे सारखा पसरतो. चारापिकाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना, किंवा घरचेच ओट असणाऱ्यांना तो जरूर वापरण्यासारखा आहे.

नासलेल्या आणि जमलेल्या बाटल्यांचं काय

नासलेली बाटली न उघडता आधी अर्धा तास कुकरमध्ये शिजवा. मगच उघडा, आणि तीही घराबाहेर. दाणे कंपोस्टमध्ये टाका, जनावरांना घालू नका. बाटली आणि झाकण गरम साबणाच्या पाण्याने धुवा, कापूस नवा घ्या. बीजाणूंची भुकटी उडालेल्या खोलीत किमान दोन दिवस नवं कल्चर टाकण्याचं काम करू नका.

पूर्ण पांढरी झालेली बाटली आठवड्याभरात वापरलेली बरी. ठेवायची असेल तर फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास, आणि पेंढ्यात मिसळायच्या आदल्या दिवशी बाहेर काढायची. गुलाबी धिंगरी आणि धान पेंढ्यावरची अळिंबी मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने त्यांचं मायसेलियम मरतं. त्यांचं स्पॉन खोलीतच ठेवून लवकर वापरून टाका.